एक पिस्तूल नेमासाठी, बाकीची कपाटासाठी?

पत्राचा सारांश: मी ५१ वर्षांचा असून सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट आहे. गेल्या पावसाळ्यात, कारखाना बंद असताना, कोल्हापूरला नेमबाजीच्या वर्गाला गेलो आणि तेव्हापासून एकाआड एक रविवारी क्लबच्या एअर पिस्तुलावर (हवेच्या दाबाने छर्रा मारणाऱ्या) सराव करतो. ६० गोळ्यांत ४९० च्या आसपास गुण पडतात. माझा मेहुणा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्याच्याकडे ०.२२ ची (म्हणजे तेवढ्या इंच व्यासाच्या नळीची) अकरा टार्गेट पिस्तुले आहेत आणि ती एकेक करून तो मला व्हिडिओ कॉलवर दाखवतो. मलाही असाच छोटासा संग्रह करावासा वाटतो. जत भागातील एका गृहस्थाकडे त्यांच्या आजोबांच्या वेळचे ०.२२ पिस्तूल आहे. कागदपत्रे नाहीत, पण ‘ते बघून घेऊ’ असे ते म्हणतात. त्यांना मी दहा हजार रुपये इसार दिला आहे. पत्नी शिक्षिका असून घरात बंदूक आणायला तिचा ठाम विरोध आहे, आणि इसाराचे तिला माहीत नाही. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मे महिन्यात आम्ही ओहायोला जाणार आहोत आणि मेहुणा मला रेंजवर नेणार आहे. मी पुढे कसे जावे?

उत्तर:

आपल्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण त्यांतला एक थांबू शकत नाही, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. जतचे ते पिस्तूल आपण घेऊ नये, पाहायला जाऊ नये आणि ‘फक्त हातात धरून बघतो’ असेही म्हणू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, त्यासाठी ते कोणावर चालवावे लागत नाही. या गुन्ह्याला कायद्याने किमान कारावास ठरवून दिला आहे, म्हणजे ‘साहेब, मी हौशी नेमबाज आहे’ हे सांगून न्यायाधीशांना तो माफ करता येईल अशी स्थिती नाही. आजोबांचा परवाना आजोबांबरोबर संपतो. वारसांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते आणि ते स्वतःकडे ठेवायचे असेल, तर स्वतःच्या नावाने परवाना मागायचा असतो. ज्यांनी हे केलेले नाही, ते आपल्याला ‘बघून घेऊ’ म्हणतात तेव्हा बघून घेण्याची वेळ आपल्यावर येणार असते, त्यांच्यावर नव्हे. शिवाय प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको की ज्या वस्तूचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. ते पिस्तूल कुठे कुठे फिरले आणि कशाकशात वापरले गेले, हे आपल्याला कोण सांगणार?

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपल्या पत्रात दोन छंद एकमेकांत गुंतले आहेत आणि मेहुण्यांच्या व्हिडिओमुळे ते आपल्याला एकच वाटत आहेत. पिस्तुले जमवणे हा एक छंद, आणि पिस्तुलाने नेम साधणे हा दुसरा. ओहायोत ते एका घरात सुखाने नांदतात, कारण तिथल्या प्रौढ नागरिकाला दुकानात जाऊन, पार्श्वभूमीची तपासणी पार करून ०.२२ चे पिस्तूल विकत घेता येते आणि पुढच्या महिन्यात आणखी एक घेता येते. त्याच राज्यात, ईरी सरोवराच्या काठी, कॅम्प पेरी आहे. १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा तिथे भरत आल्या आहेत, आणि पिस्तुलाच्या ज्या प्रकाराला तिकडे ‘बुल्सआय’ म्हणतात, त्याच्या पूर्ण सामन्यात एका हाताने २७० गोळ्या मारायच्या असतात, त्यांतला एक भाग ०.२२ चा असतो. एवढी मोठी परंपरा असल्यावर जुन्या पिस्तुलांना बाजार असतो, सुटे भाग असतात, दुरुस्त करणारे कारागीर असतात आणि जमवणाऱ्यांना गप्पा मारायला विषय असतात.

ते विषय खरोखर गोड आहेत, हे मी मान्य करतो. रुगर कंपनीचे पहिले पिस्तूल १९४९ मध्ये साडेसदतीस डॉलरला विकायला आले. बिल रुगर यांना त्याचा आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून आलेल्या नांबू पिस्तुलांवरून सुचला होता, आणि त्यांचे भागीदार अलेक्झांडर स्टर्म यांनी त्यासाठी भांडवल घातले होते. १९५१ मध्ये स्टर्म वारले, तेव्हा मुठीवरच्या बिल्ल्यातला लाल गरुड काळा करण्यात आला. म्हणून आज ‘लाल गरुडा’चे पिस्तूल हाती लागले की जमवणाऱ्याची झोप उडते. कोल्ट वुड्समन हे जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरचे पिस्तूल १९१५ पासून १९७७ पर्यंत बनत राहिले. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ४१ हे १९५७ चे, आणि जर्मनीच्या वाल्थरचे जीएसपी हे १९६८ चे. या जीएसपीत गोळ्यांची मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे असते. मूठ त्यामुळे हाताच्या मापाने हवी तशी घडवता येते, नळी हाताच्या अगदी जवळ येते आणि गोळी सुटताना पिस्तूल कमी उसळते. आज जागतिक स्पर्धांत दिसणारे इटलीचे पार्दिनी हेही त्याच मांडणीचे आहे. हा इतिहास वाचायला, पाहायला आणि त्यावर वही भरायला कोणताही परवाना लागत नाही, आणि आपल्या मेहुण्यांसारखा जाणकार घरातच असताना ते काम आपण आजच सुरू करू शकता.

परंतु तीच अकरा पिस्तुले सांगलीत आणता येणार नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती. परवाना पाच वर्षांचा असतो. आपल्या जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्तांकडून. अर्जाबरोबर कारण द्यावे लागते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, पोलीस घरी येऊन चौकशी करतात, आणि काडतुसांची खरेदी परवान्यावर नोंदली जाते. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचे म्हटले तरी आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. ज्यांच्याकडे एकच पिस्तूल आहे, त्यांनाही त्या पावत्या आणि फेऱ्या पुरे होतात. अर्जात ‘स्वसंरक्षण’ लिहा म्हणजे काम लवकर होते, असा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. तो मानू नये. आपल्याला जे करायचे आहे तेच अर्जात लिहावे, कारण पुढे प्रत्येक नूतनीकरणाला आपल्याला त्याच कारणाच्या बाजूने उभे राहायचे आहे.

खेळाडूंसाठी वाट वेगळी आहे, पण ती गुणांमधून जाते. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले किमान गुण मिळवणाऱ्याला ‘रिनाउन्ड शॉट’ हा दर्जा मिळतो. त्या दर्जाच्या नेमबाजांना नेहमीच्या मर्यादेपलीकडे शस्त्रे ठेवण्याची आणि परदेशातून स्पर्धेचे पिस्तूल मागवण्याची सोय नियमांत आहे. आपल्याकडे परदेशी टार्गेट पिस्तुले देशात येतात ती प्रामुख्याने याच दाराने. ही सगळी व्यवस्था ज्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या आधाराने चालते, ती १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नेमबाजांच्या तोंडी नुसती ‘मावळंकर’ म्हणून असते. आपले ४९० पाहता हा दर्जा अजून दूर आहे. हे मी नाउमेद करण्यासाठी म्हणत नाही, अंतराचा अंदाज यावा म्हणून म्हणतो.

तोवर ०.२२ चे पिस्तूल हातात घ्यायचेच नाही, असे मात्र नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला क्लबच्या रेंजवर, क्लबचे शस्त्र घेऊन, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो. कोल्हापूरच्या दुधाळी रेंजपासून पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडानगरीपर्यंत आणि मुंबईत वरळीपर्यंत महाराष्ट्रातील बहुतेक नेमबाज असेच क्लबच्या शस्त्रावर घडले. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले, ते याच ०.२२ वर. पुरुषांसाठी याच पिस्तुलाने खेळण्याचा ‘स्टँडर्ड पिस्टल’ हा प्रकार आहे. त्यात पाच-पाच गोळ्यांच्या फेऱ्या आधी १५० सेकंदांत, मग २० सेकंदांत आणि शेवटी १० सेकंदांत मारायच्या असतात. आपल्या वयाच्या माणसाला तो उत्तम आहे, कारण त्यात धावपळ नाही आणि फसवाफसवीही नाही. दहा सेकंदांच्या फेरीत हाताची प्रत्येक सवय कागदावर उमटते.

म्हणून माझा सल्ला असा, की ०.२२ आपण नेमासाठी ठेवावे आणि संग्रहाची हौस एअर पिस्तुलांवर भागवावी. आपण तोंड वाकडे करण्याआधी माझे म्हणणे पुरते ऐकावे. ०.१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, खरेदीच्या वेळी ओळखीचा व पत्त्याचा पुरावा दिला की पुरते. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या खूप आत असते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने जातो, त्याचा हिशेब आपण मनातच करू शकाल: साधारण ६ ज्यूल. आणि ही पिस्तुले ०.२२ च्या तुलनेत दुय्यम नाहीत. माझ्या मते यांत्रिक कल्पकता त्यांच्यात अधिक आहे, कारण बारूद हाताशी नसताना दर वेळी तीच, अगदी तेवढीच शक्ती कशी मिळवायची, हा प्रश्न चार पिढ्यांनी चार वेगळ्या रीतींनी सोडवला.

पहिली पिढी स्प्रिंगची. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीचे मॉडेल ६५ नावाप्रमाणेच १९६५ चे. त्यात बाजूचा दांडा मागे ओढून स्प्रिंग दाबली जाते, आणि चाप ओढल्यावर पिस्टन पुढे धावतो तेव्हा नळीसकट वरचा सगळा भाग रुळांवरून मागे सरकतो, त्यामुळे हाताला हिसका जवळजवळ जाणवत नाही. हे यंत्र एकदा उघडून पाहिले की ज्याने ते आखले त्याला नमस्कार करावासा वाटतो. दुसरी पिढी पंपाची, ज्यात प्रत्येक गोळीपूर्वी दांड्याने एकदाच हवा दाबायची. वाल्थरचे एलपी ३ आणि रशियाच्या इझेव्स्कमध्ये बनलेले बैकल आयझेडएच-४६ ही त्यातली नावे. यात हिसका नाही, सिलिंडर नाही, फक्त ६० वेळा दांडा ओढून दंड भरून येतो. तिसरी पिढी कार्बन डायऑक्साइडची, आणि ती आपल्याला विशेष आवडेल असे मला वाटते. द्रवरूप वायूचा दाब तापमानावर अवलंबून असतो, २० अंशांना तो सुमारे ५७ बार असतो आणि ३१ अंशांच्या वर तर तो वायू द्रवरूपात राहतच नाही. जर्मनीतल्या बंद हॉलमध्ये एकसारखे मारणारे पिस्तूल आपल्या एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी एक आणि दुपारी दुसरेच का होते, याचे उत्तर आपल्या विषयात आहे. हाच दोष टाळण्यासाठी चौथी पिढी आली, दाबलेल्या हवेची. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरायची आणि आतल्या रेग्युलेटरने ती कमी, पण ठरलेल्या दाबाने सोडायची. आजची श्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी ही सारी एअर पिस्तुले याच रीतीची आहेत.

चार पिढ्यांची चार पिस्तुले म्हणजे एक पूर्ण, अर्थ असलेला संग्रह होतो. अकरा पिस्तुलांच्या नुसत्या रांगेपेक्षा मला तो अधिक मोलाचा वाटतो. त्यातले जुने नमुने मिळतात कुठे? दुकानात नव्हे. अनेक जुन्या क्लबांच्या कपाटांत आणि निवृत्त नेमबाजांच्या माळ्यांवर ते पडून असतात, बहुधा बंद अवस्थेत. बंद असण्याचे कारण फार वेळा क्षुल्लक असते. त्या काळचे पिस्टनचे सील वापरा अथवा न वापरा, वर्षे लोटली की त्यांचा भुगा होतो. ते बदलले की पिस्तूल पुन्हा बोलू लागते. खरेदी करताना मात्र विकणाऱ्याचे मूळ बिल मागावे, न मिळाल्यास सही-पत्त्यासह विक्रीपत्र करून घ्यावे, आणि व्यास ४.५ मिलिमीटरच आहे याची खात्री करावी, कारण त्याहून मोठ्या व्यासाला परवान्याचे नियम लागू होतात. चौथ्या पिढीतले पिस्तूल जुने घेणार असाल, तर सिलिंडरवरची तारीख पाहावी. उत्पादक सिलिंडरचे आयुष्य दहा वर्षे धरतात आणि स्पर्धेतही मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही. २०० बारचा सिलिंडर म्हणजे तळहाताएवढा बॉयलरच. मुदत संपलेला बॉयलर आपण कारखान्यात चालू दिला नसता, तसा हाही देऊ नये.

आता नेमाविषयी थोडे, कारण पत्रात आपण ४९० गुणांचा उल्लेख ओझरता केला असला तरी तो खुपतो आहे हे कळते. दहा मीटरवरच्या लक्ष्याचे दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटनाएवढे असते. ते ‘पाहून’ मारता येत नाही, आणि पाहायचेही नसते. नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरण्याच्या खुणेवर ठेवायची, ती स्पष्ट दिसली पाहिजे, आणि काळे वर्तुळ तिच्या वर धूसर तरंगत राहिले पाहिजे. पन्नाशीत इथेच घोटाळा होतो. आपला दूरचा चष्मा लक्ष्य स्वच्छ दाखवतो आणि साइट पुसट करतो, जवळचा चष्मा साइट दाखवून लक्ष्याचा पार धूर करतो, आणि बायफोकल असेल तर मान वाकडी होते. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर दोरीने मोजून न्यावे आणि त्या अंतरासाठी एकाच नंबरची काच मागावी. बहुतेकांना दूरच्या नंबरात अर्धा ते पाऊण धन वाढवून काम भागते. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त तहसीलदारांचे गुण वर्षभर हलत नव्हते, ते नुसत्या काचेने एका महिन्यात पंधरांनी वाढले. प्रशिक्षकाला जे दिसले नाही ते चष्मेवाल्याला दिसले, एवढेच.

दुसरी गोष्ट सरावाच्या अंतराची. एकाआड एक रविवारी १०० छर्रे मारण्यापेक्षा रोज वीस मिनिटे घरी, छर्रा न घालता, कोऱ्या भिंतीकडे पिस्तूल धरून फक्त चाप ओढण्याचा सराव अधिक कामाचा आहे. साइट जागची न हलता चाप सुटतो का, एवढेच पाहायचे. स्पर्धेच्या एअर पिस्तुलात या कोरड्या सरावासाठी वेगळी सोय असते. ०.२२ मध्ये हे करू नये. त्या काडतुसाची ठिणगी पाडणारी पूड बुडाच्या कडेत असते, त्यामुळे आघात करणारी पिनही कडेवर येते, आणि नळीतले काडतुसाचे घर रिकामे असताना ती नळीच्या काठावर आदळून तो दुखावू शकते. करायचेच असेल तर आत वापरलेले रिकामे काडतूस ठेवून करावे. या कारणासाठी आपण पहिली खरेदी स्वतःच्या एअर पिस्तुलाची करावी, आणि तीही चौथ्या पिढीतल्या, वापरलेल्या पण चांगल्या स्थितीतल्या पिस्तुलाची. संग्रहाचे दालन त्यानंतर उघडावे. मूठ मात्र आपल्या हाताच्या मापाची हवी. ती कानशीने घासून आणि लाकडाची पुट्टी भरून हाताला बसवण्यात एक पावसाळा सहज जातो, आणि तोच वेळ आपल्याकडे असतो.

ओहायोच्या प्रवासाबद्दल आपण जे गृहीत धरले आहे, ते तपासून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेचा संघराज्यीय कायदा पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला अग्निशस्त्र किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई करतो. ‘बाळगणे’ यात रेंजवर भाड्याचे अथवा नातेवाइकाचे पिस्तूल हातात घेऊन चालवणेही येते. याला मोजके अपवाद आहेत. त्यांपैकी सामान्य पाहुण्याला लागू पडण्यासारखा एक म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे. मेहुण्यांना हे ठाऊक नसण्याची दाट शक्यता आहे, कारण नागरिकाला त्याची कधी गरजच पडत नाही. त्यांनी आधी तिथल्या वकिलाशी किंवा रेंजच्या व्यवस्थापनाशी बोलून घ्यावे. ते न जमल्यास आपण रेंजवर खुशाल जावे, पाहावे, त्यांच्या मागे उभे राहून त्यांच्या चुका मोजाव्यात, पण हात लावू नये. एका दुपारच्या हौसेपायी पुढचे व्हिसा पणाला लावण्यात अर्थ नाही.

परतताना पिस्तुलाचा कोणताही भाग, मॅगझिन किंवा काडतूस सामानात येता कामा नये. मेहुणे जी बॅग रेंजवर नेतात, ती प्रवासासाठी उसनी घेऊ नये. तिच्या अस्तरात दडलेले एखादे ०.२२ चे काडतूस आपल्याला विमानतळावर सापडेल, आणि ते सापडलेले कोणालाच आवडणार नाही. आणायचेच असेल तर नेमबाजीच्या चष्म्याची फ्रेम आणावी. तिच्यात काच डोळ्यासमोर हवी तिथे सरकवता येते, आणि तिच्यावर कोणाची हरकत नसते.

राहिला आपल्या पत्नीचा विरोध. त्यांचे म्हणणे आपण पत्रात एका वाक्यात उरकले आहे, पण घरात पंधरा वर्षांचा मुलगा असताना आईने असा विरोध करणे मला पूर्णपणे योग्य वाटते, आणि तो मोडून काढण्याचा मार्ग मी सुचवणार नाही. त्यांना एका रविवारी रेंजवर न्यावे. तिथे मुलगी दहावीची असो की गृहस्थ सत्तरीचे, नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने असते, ‘स्टॉप’ म्हटल्याबरोबर पिस्तूल रिकामे करून टेबलावर ठेवले जाते आणि नळीत रंगीत सेफ्टी दोरी घातली जाते. शिस्त पाहिल्यावर भीती थोडी कमी होते, तरी पूर्ण जाणार नाही, आणि जाऊही नये. एअर पिस्तूल घरी आणलेच, तर तेही कुलूपबंद कपाटात, छर्रे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली मुलाला ठाऊक नसलेल्या जागी. सहा ज्यूल हे माणूस मारायला कमी असले, तरी डोळा जायला पुरेसे आहेत. मुलाला इच्छा असेल तर त्याला क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या हाताखाली घालावे. घरी बापाने गुपचूप शिकवण्याचा हा विषय नव्हे. आणि उद्या ०.२२ चा परवाना मिळालाच, तर ते शस्त्र घरी न ठेवता शस्त्रविक्रेत्याकडे अथवा क्लबच्या शस्त्रागारात ठेवण्याची सोय विचारून घ्यावी. आपल्या पत्नीची अट बहुधा एवढ्याने पाळली जाते.

शेवटी त्या दहा हजारांविषयी. ते परत आणायला आपण जतला जाऊ नये, फोनवरून तगादा लावू नये आणि ‘निदान बदल्यात दुसरे काही द्या’ असे तर मुळीच म्हणू नये. ‘व्यवहार रद्द, शस्त्र पोलिसांकडे जमा करावे’ एवढे एका वकिलामार्फत लेखी कळवावे, आणि पैसे आले तर आले. त्या पत्रावर सही करण्याआधी त्याची एक प्रत घेऊन पत्नीसमोर बसावे आणि इसाराची गोष्ट आपल्या तोंडून सांगावी. त्या रागावतील. एअर पिस्तुलाचा विषय त्या संध्याकाळी काढू नये, पुढच्या गळीत हंगामापर्यंत थांबला तरी चालेल.